गाडी कंपनीतला साहेब नेमकं करतो काय?

कोकणातल्या कुठल्याही वाडीत चौकशी करा, एखादा तरी मुलगा चाकण, तळेगाव, रांजणगाव नाहीतर नाशिकच्या गाडी कंपनीत निघतो. पूर्वीचे लोक बोटीने मुंबईला जाऊन गिरणीत लागायचे, आताची पोरं कुंभार्ली नाहीतर आंबा घाट चढतात. गणपतीला घरी आली की आई शेजारणीला सांगते, "कंपनीत मोठा साहेब आहे हो." शेजारीण विचारते, "म्हणजे काय करतो?" इथे गाडी अडते. "डेप्युटी जनरल मॅनेजर, सोर्सिंग" हे उत्तर ऐकून कुणाला काय कळणार? खुद्द साहेबालाही दोन वाक्यांत सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

तलाठी, शिक्षक, बँकेतला माणूस यांची नोकरी आपल्याला कळते, कारण ती वर्षांत मोजता येते. इतकी वर्षं झाली की बढती, इतकी झाली की पेन्शन. गाडी कंपनीत वरच्या पदांकडे निघालेल्या माणसाची कारकीर्द मात्र गाड्यांमध्ये मोजली जाते. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला साधारण तीन-चार वर्षं लागतात, पूर्वी पाच-सहाही लागायची. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली शिकण्यात जातात. उरलेल्या काळात, निर्णय आपला आहे असं म्हणता येईल अशा गाड्या वाट्याला येतात चार, फार तर पाच. त्यातली एखादी चालली तर नाव होतं, एखादी पडली तर तीही कायम नावावर राहते.

सुरुवात कुठून होते ते आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. आयटीआय केलेला मुलगा अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून लाइनवर जातो. रत्नागिरी किंवा मालवणच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेला डिप्लोमा ट्रेनी होतो. लोणेरे, आंबव किंवा रत्नागिरीहून इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, म्हणून लागतो. पहिलं वर्ष सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या विभागांत, फिरवतात: प्रेस शॉपला पत्रा दाबून आकार देतात, बॉडी शॉपला वेल्डिंग होतं, मग पेंट आणि शेवटी असेंब्ली. पुढे एक खातं मिळतं. डिझाइन, पर्चेस, प्रॉडक्शन, क्वालिटी, सेल्स, फायनान्स. इथून पुढे प्रत्येकाची वाट वेगळी.

प्रॉडक्शनमधल्या माणसाचं जग सेकंदांचं असतं. हिशोब करून बघा. वर्षाला २ लाख गाड्या काढायच्या, कामाचे दिवस ३००, आठ-आठ तासांच्या दोन शिफ्ट. भागाकार केला तर दर ८६ सेकंदांना एक गाडी लाइनवरून उतरायला हवी. दहा मिनिटं लाइन थांबली की सात गाड्या गेल्या. म्हणून लाइन थांबली की शिफ्ट मॅनेजरचा फोन आधी वाजतो, मग प्लँट हेडचा, आणि तास उलटला तर मुंबईतल्या एखाद्या केबिनमधलाही. सण असो, लग्न असो.

पर्चेसचं वजन बाहेरच्यांना कळत नाही. गाडी कंपनी गाडी "बनवते" असं आपण म्हणतो खरं, पण आपल्याकडच्या कार कंपन्यांच्या १०० रुपयांच्या विक्रीतले ढोबळमानाने ७० रुपये बाहेरून घेतलेल्या सामानावर जातात. सीट एकाची, काच दुसऱ्याची, वायरिंगचा गुंता तिसऱ्याचा. कंपनी स्वतः बहुतेक ठिकाणी इंजिन, बॉडी आणि जोडणी बघते. त्यामुळे एका स्क्रूच्या किमतीवरून तासभर बैठक चालली तरी हसू नका. एका गाडीमागे २० रुपये वाचले तर २ लाख गाड्यांवर वर्षाला ४० लाख होतात. माझ्या ओळखीच्या एका सोर्सिंगवाल्याला, म्हणजे व्हेंडर (पुरवठादार) शोधून भाव ठरवणाऱ्याला, त्याच्या काकांनी जेवताना विचारलं होतं, "अरे, तू गाडीचं काय बनवतोस?" तो म्हणाला, "काही नाही हो काका, मी व्हेंडरशी भांडतो." काकांना वाटलं मस्करी करतोय.

सेल्सकडचा साहेब आपल्याला रत्नागिरी, कुडाळला दिसतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, कंपनीची गाडी घेऊन डीलरकडे येणारा, एरिया मॅनेजर. बऱ्याचदा कोल्हापुरात राहून आपले दोन्ही जिल्हे तोच बघतो. त्याचं टार्गेट काय असतं हे मुद्दाम सांगायला हवं. कंपनीच्या लेखी गाडी विकली जाते ती तुम्ही चावी घेता तेव्हा नव्हे, ती डीलरच्या आवारात जाते तेव्हाच. दर महिन्याच्या सुरुवातीला पेपरात विक्रीचे आकडे येतात ते मुख्यत्वे डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे. मग महिनाअखेरीला एरिया मॅनेजर डीलरच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसतो: "अजून दहा उचला." डीलर त्या गाड्या बँकेच्या कर्जावर उचलतो आणि गाडी उभी आहे तितके दिवस व्याज भरतो. पाडव्याला, दसऱ्याला ते खपून जातं. आषाढात, भर पावसात, पितृपक्षात आवार गाड्यांनी भरलेलं आणि गिऱ्हाईक नाही, अशी गत होते. माझं मत विचाराल तर ज्याने असा एखादा पितृपक्ष डीलरच्या केबिनमध्ये बसून काढलेला नाही, त्याला पुढे सेल्सचा मोठा साहेब करू नये. त्याला आकडा दिसतो, आकड्याखालचं व्याज दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. निर्णय आणि त्याचं फळ यांत जे अंतर पडतं, ते आपल्या किनाऱ्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं चाकणमध्येही दिसत नसेल.

मालवण, हर्णै किंवा वेंगुर्ल्यात समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहणारी, आठ-दहा वर्षांची एखादी जुनी स्वस्त गाडी बघा. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. रंग फुगलेला लागेल. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघतो आणि आतून तांबूस चुरा सांडतो. पायाखालचं मॅट उचला, पत्र्याच्या जोडापाशी तोच रंग. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती आपल्या लाल मातीने बुजलेली. पाणी आत साचतं, वर खारी हवा. गॅरेजवाला पॅच मारतो, दोन पावसाळे काढतो, पुन्हा तेच.

हा गंज त्या दाराला लागण्याआधी दहा-बारा वर्षं एका बैठकीत ठरलेला असतो. कसा ते बघा. गाडीच्या बॉडीतल्या कुठल्या पत्र्याला जस्ताचा मुलामा द्यायचा, जोडांमध्ये सीलर किती भरायचा, पोकळ भागांत मेण मारायचं की नाही, हे डिझाइनच्या टप्प्यावर ठरतं. पुढे अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. तो थर कोपऱ्याकोपऱ्यांत पोचावा म्हणून पत्र्यात भोकं कुठे ठेवायची, हेही तेव्हाच ठरतं. नमुन्याचे तुकडे मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत शेकडो तास ठेवून तपासतात. यातली प्रत्येक गोष्ट करता येते, फक्त पैसे पडतात. समजा, चांगला पत्रा घेतला तर गाडीमागे ४०० रुपये जास्त. २ लाख गाड्या धरल्या तर वर्षाला ८ कोटी.

बैठकीत इंजिनिअर म्हणतो, घ्या. फायनान्सवाला विचारतो, ही गाडी खपणार कुठे? विदर्भात, राजस्थानात, जिथे हा गंज येतच नाही. महाराष्ट्राची किनारपट्टी ती केवढीशी. तिथल्या गिऱ्हाइकासाठी देशभरच्या गिऱ्हाइकाने ४०० रुपये का मोजावेत? सेल्सवाला सांगतो, समोरच्या कंपनीची गाडी आपल्यापेक्षा पाच हजारांनी स्वस्त आहे, एक रुपया वाढवलात तर मला विचारू नका. तिघांचंही खरं आहे. टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाला हो किंवा नाही म्हणायचं असतं, आणि तेच त्याचं काम. तो "नाही" म्हणाला तर त्या वर्षी ८ कोटी वाचतात, त्याचं अप्रेझल चांगलं होतं. दारातून चुरा सांडायला लागतो तेव्हा वॉरंटी संपलेली असते आणि साहेब दोन पदं वर सरकलेला असतो, किंवा दुसऱ्याच कंपनीत गेलेला असतो.

हापूसचं कलम लावणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. आज लावलेल्या कलमाला व्यापारी म्हणावं असं पीक धरायला पाच-सात वर्षं जातात. लावणारा एक आणि पेट्या भरणारा दुसरा, असं घरोघरी झालेलं आहे. फरक इतकाच की बागेत लावणाऱ्याचं नाव घरच्यांना माहीत असतं.

याच अंतरामुळे कंपन्यांनी "प्रोजेक्ट हेड" हे पद काढलं. गाडी कागदावर असल्यापासून एसओपीपर्यंत, म्हणजे कारखान्यात रीतसर उत्पादन सुरू होईपर्यंत, एकाच माणसाच्या गळ्यात ती बांधायची. गंमत अशी की या माणसाच्या हाताखाली फारशी माणसं नसतात. डिझाइनवाले डिझाइनच्या साहेबाचे, पर्चेसवाले पर्चेसच्या. त्याने सगळ्यांकडून काम काढून घ्यायचं, तेही बढती-पगार आपल्या हातात नसताना. पुढे कंपनी चालवू शकेल असा माणूस हेरायची जागा हीच.

उदाहरण आपल्या दारात उभं आहे. एप्रिल-मे महिन्यात बागेतून आंब्याच्या पेट्या हमरस्त्यापर्यंत आणतो, जेटीवरून बर्फातले मासे नेतो, भाद्रपदात गणपतीही आणतो, तो छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. १९९२ साली टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागलेले गिरीश वाघ या गाडीच्या प्रोजेक्टचे प्रमुख झाले तेव्हा ते तिशीच्या आसपासचे होते. त्या वेळी बाजारात एकीकडे मालवाहू तीनचाकी होती, दुसरीकडे मोठा ट्रक. मधे फारसं काही नाही. वाघ आणि त्यांची माणसं आधी तीनचाकी चालवणाऱ्यांकडे जाऊन बसली. त्यातून कळलं की या लोकांना जास्त माल हवा आहेच, पण चार चाकांची प्रतिष्ठाही हवी आहे. लग्नाच्या बाजारातसुद्धा तिचा भाव आहे. मग खर्च आवरण्यासाठी इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन त्याचं अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०० सीसी. मे २००५ मध्ये गाडी आली आणि छोट्या मालवाहतुकीचा एक नवा वर्गच उभा राहिला. कागदावर भार पाऊण टन. त्यात आपल्याकडे किती भरतात ते लिहीत नाही, पोलीसही वाचत असतील. पण लोक जास्त भरणारच, हे धरून ॲक्सल आणि स्प्रिंग ठरवावे लागतात. तो अंदाज चुकला तर गाडी घाटात बसते आणि कंपनीचं नाव खराब होतं.

याच वाघांकडे पुढे नॅनोचं काम आलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती जगापुढे आली, तेव्हा लाख रुपयांच्या गाडीची चर्चा जगभर होती. कारखान्यासाठी घेतलेल्या पश्चिम बंगालमधल्या सिंगूरच्या जमिनीचा वाद २००६ पासून धुमसत होता, तो त्याच वर्षी भडकला, कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला, गाडी २००९ मध्ये आली आणि अपेक्षेइतकी कधीच खपली नाही. २०१८ पर्यंत तिचं उत्पादन आटोपलं. तोच माणूस, तीच पद्धत, एक गाडी हमरस्त्यावर पावलोपावली दिसते आणि दुसरी दिसेनाशी झाली. नॅनोत इंजिनिअरिंग कच्चं होतं असं म्हणणं मला पटत नाही. मला वाटतं "सगळ्यांत स्वस्त" ही ओळखच गिऱ्हाइकाला नको होती. जी प्रतिष्ठेची भूक एसच्या वेळी नेमकी ओळखली, ती इथे उलटी फिरली. कंपनीने मात्र वाघांना बाजूला टाकलं नाही. ते पुढे संचालक मंडळावर गेले आणि टाटांच्या ट्रक-बस-टेम्पोचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. चाललेल्या आणि पडलेल्या अशा दोन्ही गाड्या केलेला माणूस महाग असतो, हे जाणत्या कंपन्यांना कळतं.

वाट बघण्याची तयारी ही दुसरी अट. पवन गोएंका अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चौदा वर्षं काढून १९९३ मध्ये महिंद्रच्या नाशिकला आले. तोवर महिंद्र म्हणजे जीप आणि ट्रॅक्टर. स्वतःच्या पाटीवर स्वतः डिझाइन केलेली आधुनिक गाडी, स्कॉर्पिओ, आली २००२ मध्ये. साडेपाचशे-सहाशे कोटींच्या घरातला खर्च, जो मोठ्या परदेशी कंपन्यांच्या मानाने किरकोळ होता. तो तसा ठेवता आला कारण पुरवठादारांना नुसते नकाशे देऊन माल मागवला नाही, पूर्ण भागाचं डिझाइनच त्यांच्याकडे सोपवलं. आल्यापासून नाव होईपर्यंत नऊ वर्षं. २०२१ मध्ये गोएंका निवृत्त झाले ते व्यवस्थापकीय संचालक म्हणून.

त्याहून लांबचा पल्ला सुमंत मूळगावकरांचा. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. १९६६ मध्ये पुण्याचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी गाड्यांची घाई केली नाही. आधी कामगारांचं प्रशिक्षण केंद्र, आधी डाय आणि यंत्रं बनवणारा विभाग. पत्र्याला आकार देणारा साचा ज्याला स्वतः करता येतो त्याला नवी गाडी काढायला दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही, हा त्यामागचा हिशोब. मूळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ मध्ये आलेल्या सुमोला त्यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं दिली. वडापच्या सुमोत दाटीवाटीने बसून आपण घाट चढलो, पण पाटीवर कुणाचं नाव आहे हे किती जणांना माहीत होतं?

निर्णय घेतलेला एक आणि निस्तरणारा दुसरा, याचा सगळ्यांत कडू दाखला अमेरिकेतला आहे. मेरी बारा १९८० मध्ये, अठराव्या वर्षी, जनरल मोटर्सच्या कारखान्यात फेंडर आणि बॉनेटचे पत्रे तपासायच्या कामाला लागल्या, शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून. पुढे प्लँट मॅनेजर, मग मनुष्यबळ विभाग, मग नव्या गाड्यांचं खातं. जानेवारी २०१४ मध्ये त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. काही आठवड्यांतच इग्निशन स्विचचं प्रकरण फुटलं. चावीचा स्विच इतका ढिला होता की जडसर जुडगा लटकवला किंवा धक्का बसला तरी चावी फिरायची, चालती गाडी बंद पडायची आणि एअरबॅग उघडायची नाही. असला स्विच २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुणीतरी मंजूर केला होता. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तो भाग सुधारायला दर गाडीमागे ५७ सेंट लागले असते, हा आकडा अमेरिकी संसदेच्या सुनावणीत गाजला. मेरी बारांनी तिथे जाऊन माफी मागितली, १५ जणांना कामावरून काढलं. स्विच त्यांनी मंजूर केलेला नव्हता, पण खुर्चीबरोबर तो वारशाने आला.

सगळेच शॉप फ्लोअरवरून वर जातात असं नाही. आर. सी. भार्गव १९५६ च्या तुकडीचे आयएएस अधिकारी. १९८१ मध्ये, मारुती अजून कागदावर असताना तिथे आले, डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, १९८५ मध्ये ते व्यवस्थापकीय संचालक झाले आणि २००७ पासून अध्यक्ष. मारुती तेव्हा सरकारी होती म्हणून ते जमलं. आज कलेक्टर कचेरीतून थेट गाडी कंपनीत जायचं म्हटलं तर कठीण.

सगळ्यात वरच्या खुर्चीबद्दल दोन गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत. व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीची करता येत नाही, आणि तिला भागधारकांची मंजुरी लागते. गाडी यायला लागतात तीन-चार वर्षं. म्हणजे नवा प्रमुख पहिल्या मुदतीतला बराच काळ आधीच्याने सुरू केलेल्या गाड्याच विकत असतो. त्याचा बोनस मात्र बहुधा चालू वर्षाच्या नफ्याला बांधलेला. दुसरी गोष्ट, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकाचा पगार तिथल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात छापावं लागतं. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. घरात कुणी त्या कंपनीत असेल तर तेवढं पान जरूर काढून वाचा.

सध्या चाळिशीतल्या साहेबांची झोप उडवली आहे ती विजेवरच्या गाड्यांनी. वीस वर्षं इंजिन, गिअरबॉक्स, धूर यांत घालवलेल्या माणसाला बॅटरी आणि सॉफ्टवेअरवाल्या पोरांकडून शिकावं लागतंय. पर्चेसवाल्याला नवे पुरवठादार शोधायचेत, सर्व्हिसवाल्याला ऑइल बदलायचा धंदा जाताना दिसतोय. बॉडी, ब्रेक, सस्पेन्शन, सीट यांतल्यांचं तुलनेने बरं चाललंय. गंज तर दोन्हीकडे सारखाच.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीला निघालं असेल तर पगार आणि कँटीनसोबत आणखी दोन प्रश्न विचारायला सांगा: कुठल्या प्रोजेक्टवर घेताय, आणि त्याची एसओपी कधी आहे? एसओपीला दोन वर्षं असतील तर डिझाइन, चाचण्या, साचे, पुरवठादार असं सगळं बघायला मिळतं, घरी यायला सुट्टीही मिळते. एसओपी नुकतीच झाली असेल तर पहिलं वर्ष तक्रारी निस्तरण्यात जाईल, रात्री फोन येतील, पण गाडी कुठे चुकली हे तिथेच कळतं. आणि गाडी जुनी होऊन बंद पडायच्या बेतात असेल, तर पगार जास्त का देताहेत ते आधी विचारा.